नाल्यापलीकडची डोंडी

सावरबोडीत डोंडीची, म्हणजे दवंडीची, वाट ठरलेली होती. कोतवाल चावडीतल्या खुंटीवरचं डफडं काढायचा, गळ्यात अडकवायचा आणि आधी पोलीस पाटील बापूरावांच्या दारात जायचा. पहिला पुकारा तिथे. दुसरा मारुतीच्या पारावर, तिसरा कोहळी शेतकऱ्यांच्या मोहल्ल्यात आणि शेवटचा नाल्याच्या काठावर. नाल्यावर दगडी रपटा होता, पावसाळ्यात पाणी वरून जाणारा बुटका पूल. रपट्यापलीकडे बौद्धांची वस्ती. कोतवाल स्वतः त्याच वस्तीतला. पण डफडं घेऊन तो रपटा ओलांडत नसे. नाल्यावरून माघारी फिरून चावडीत जायचा, डफडं खुंटीला टांगायचा आणि मोकळ्या हातानं घरी यायचा.

हा नियम गावानं केलेला नव्हता. वस्तीनं केला होता.

१९५६ साली वस्तीतली माणसं चांद्याहून दीक्षा घेऊन परतली. तोवर गावात लग्न असो की मयत, डफडं वाजवायला वस्तीनं जायचं, याला कोणी हुकूम म्हणत नव्हतं; ती रीत होती. परतल्यावर आठवडाभरात पंच बसले. घराघरांतली डफडी गोळा झाली आणि तलावात बुडवण्यात आली. ती तरंगून वर येऊ नयेत म्हणून प्रत्येकाला दगड बांधला. पहिला दगड बांधला तो सोमाजीनं. सोमाजी तेव्हा पंचविशीत होता आणि आजूबाजूच्या गावांत त्याच्या हाताचं डफडं नावाजलेलं होतं. शेवटचं त्यानं वाजवलं ते बापूरावांच्या वडिलांच्या मयतीत. घरापासून तलावाच्या पाळीपर्यंत अनवाणी वाजवत गेला. परतल्यावर अंगणाच्या बाहेर उभं करून त्याच्या ओंजळीत वरून भात टाकला गेला. ‘डफडं रपट्याच्या अलीकडं येनार नाई’ हे वाक्य सोमाजीचं. तीस वर्षांत ते कोणी मोडलं नव्हतं.

उरलं ते फक्त कोतवालाचं डफडं, कारण ते सरकारी होतं. म्हणून ते चावडीत टांगलं गेलं.

या नियमाचा एक परिणाम मात्र कोणी बोलून दाखवत नसे. वस्तीत डोंडीच होत नव्हती; नाल्याच्या काठचा पुकारा गावाकडे तोंड करून व्हायचा, त्यातले शब्द पलीकडे पोचत नसत. लहानू कोतवाल संध्याकाळी घरी आल्यावर जे सांगेल ते वस्तीला कळायचं. जनावरांच्या लशीचं तो सांगायचा, डोळ्यांच्या शिबिराचं सांगायचा. पण दरवर्षी धान निघाल्यावर एक पुकारा असा असायचा, की त्याबद्दल तो जेवताना मान वर करत नसे.

तो पुकारा गाळपेराचा. तलावाचं पाणी मागे सरलं की काठची गाळाची जमीन उघडी पडते. तिच्यात लाखोरी आणि हरभरा टाकला की फार कष्ट न घेता येतो. जमीन सरकारची. एका हंगामासाठी ती भूमिहीनांना लावून द्यायची, त्यातही मागासवर्गीयांना आधी. ठरल्या दिवशी चावडीत जो हजर राहील आणि नाव सांगेल त्याला तुकडा. वस्तीतली निम्मी घरं भूमिहीन होती आणि वस्तीतून कोणीच हजर नसे. बापूराव आपल्या सालदारांची, म्हणजे सालानं ठेवलेल्या गड्यांची, नावं परस्पर सांगत; जमीन त्या नावांवर लागे आणि लाखोरी बापूरावांच्या कोठीत पडे.

लहानूची बायको केसरबाई हे जाणून होती.

“काऊन सांगत नाई तुमी लोकायले?” तिनं एकदा विचारलं होतं.

“पाटलानं थांब म्हटलं.”

“आन् तुमी थांबले?”

“नोकरी हाये, केसर.”

१९८६च्या पावसाळ्यात लहानू मेंदूच्या हिवतापानं गेला. जिल्हा चांद्यातून फुटून गडचिरोलीचा झाला त्याला चार वर्षं झाली होती. कचेऱ्या नव्या होत्या, जागा भरायच्या होत्या. तालुक्याच्या साहेबानं लहानूच्या जागी केसरबाईला नेमलं. दीर चांद्याजवळच्या ऊर्जानगरात ठेकेदाराकडे कामाला होता. तो म्हणाला, “वयनी, माह्याकडं चला, पोराले तिथी शाळा हाये.” केसरबाईनं पोराला त्याच्याकडे पाठवलं आणि स्वतः कोतवालाचा बिल्ला घेतला.

तिची पहिली डोंडी नवरात्रात, जनावरांच्या लशीची. डफडं वाजवण्याआधी आगीवर शेकावं लागतं, म्हणजे कातडं ताणलं जातं आणि आवाज खणखणीत येतो, हे तिला ठाऊक नव्हतं. छप्पननंतर वस्तीत वाढलेल्यांना ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. ओलसर हवेत कातडं सैल पडलं होतं. थप, थप, असा आवाज आला.

“डोंडी होय का भाकर थापून राह्यली वं?” कोहळ्यांच्या मोहल्ल्यातली म्हातारी बायनाबाई ओरडली.

बापूराव ओसरीवर बसले होते. ते रागीट माणूस नव्हते. हसत म्हणाले, “आता बाईमानूस डोंडी देते. उद्या मले चुलीपाशी बसा लागन.”

“पाटील, तुमाले पोळ्या येतेत का पन?” त्यांचा सालदार नथ्थू म्हणाला, आणि सगळे हसले.

केसरबाईनं चारही ठिकाणी पुकारा दिला, डफडं टांगलं आणि घरी आली. वस्तीच्या विहिरीवर बायका गप्प झाल्या. फक्त शेजारची शकुबाई बोलली.

“आमच्या सासऱ्यानं तलावात बुडवलं ते तू काढून आनलं व माय.”

“मी नाई काढलं. ते चावडीतच होतं.”

“पन बाईच्या गळ्यात नव्हतं.”

दोन दिवसांनी सोमाजीनं तिला विहारासमोर बोलावलं. तो नात्यानं तिचा चुलत सासरा. वस्तीत त्याच्या शब्दावर दुसरा शब्द होत नसे. तो खाली बघून बोलला.

“नोकरी कर. कागद ने, साहेब आला त त्याच्या चहा-पान्याचं पाह. डफड्याले हात लावू नको. लहानू वाजवत होता ते आमी पोटात घातलं. घरची सून वाजवन, ते नाई.”

“मंग डोंडी कोन देईन, मामाजी?”

“नथ्थू देईन. त्यायचं गाव हाये, वाजवू दे त्यायले. मी पाटलाशी बोलतो.”

केसरबाई घरी परतली. तीस वर्षांत गाव आणि वस्ती यांचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं होतं: डफडं तिच्या हातात नको.

गाळपेराचा आदेश डिसेंबरात आला. तलाठी श्रीहरी नवीन होता, वयानं लहान, सायकलवर येणारा. त्यानं चावडीत केसरबाईला वाचून दाखवला. “गुरुवारी सकाळी वाटप. बाई, डोंडी द्या आणि दिली म्हणून मला सांगा. अहवालात लिहायचं आहे. चुकीचं लिहिलं गेलं तर माझ्यावर येईल.”

“सारीकडं द्याची ना, साहेब?”

“गावात द्यायची म्हणजे सगळीकडेच.”

रीतीप्रमाणे ती आधी बापूरावांना सांगायला गेली. ते ओसरीवर सुपारी कातरत होते.

“ये केसर. गाळपेराचं हाये ना? मालूम हाये मले. इथी दारात एक पुकारा दे. मी आयकतो, नथ्थू आयकते. झाली डोंडी. तू कायले उन्हात फिरून राह्यली?”

“आन् वस्तीत?”

बापूरावांना खरंच नवल वाटलेलं दिसलं. “वस्तीत? तुमच्याच लोकायनं डफडं मना केलं ना? मी कवा मना केलं, सांग. मी त म्हनतो, वाजवा. पन सोमाजीच्या शब्दाबाहेर मी कसा जाऊ?”

यात खोटं काहीच नव्हतं.

“आन् हे आयक,” बापूराव पुढे म्हणाले, “सोमाजी आला होता माह्यापाशी. डोंडी नथ्थूले देऊ म्हने. मी म्हटलं, बरं हाये. तुले बी सुख. बाईच्या गळ्यात डफडं बरं दिसते का? लहानू असता त त्याले आवडलं असतं का?”

“ते असते त इथीच पुकारा देऊन घरी आले असते.”

“मंग?”

“म्हनून त मले फिरा लागते.” ती जायला वळली. “डोंडी होईन, पाटील. तुमच्या दारात बी होईन. उद्या. शेवटी.”

“शेवटी?” सुपारी कातरणं थांबलं. “पयला पुकारा पाटलाच्या दारात असते.”

“कोनं ठरवलं?”

“बापजाद्यायनं.”

“माह्या का तुमच्या?” केसरबाई म्हणाली आणि अंगणातून बाहेर पडली. नथ्थू कडब्याचा भारा डोक्यावर घेऊन फाटकात उभा होता. त्यानं वाट सोडली.

संध्याकाळी ती आपण होऊन सोमाजीकडे गेली. दिवेलागण व्हायची होती. सोमाजी दारात बाज टाकून बसला होता. मळणीवरून आलेला लटारू आणि त्याचा भाऊ इसरू बाजूला जमिनीवर बसले होते.

“उद्या डफडं रपट्याच्या अलीकडं येईन,” ती म्हणाली. “तुमाले आधी सांगावं म्हनून आली.”

सोमाजी बाजेवर सरळ बसला. “तोंडानं सांग न. कोन मना करते? घरोघरी जाय, सांग. डफडं कायले पायजे?”

“लटारूभाऊले इचारा कायले पायजे ते.”

लटारूला बोलायचं नव्हतं. सोमाजी त्याच्याकडे बघत राहिला तेव्हा तो बोलला. “दोन साल झाले, शकुबाईनं इहिरीवर आयकलं का गाळपेर हाये. मले सांगतलं. मी मजुरीचा दिवस पाडून गेलो. पाटील म्हने, कोनाच्या डोंडीवरून आला गा? तुमच्या इथी डोंडी होते काय? सारे हासले. मी बी हासलो थोडासा. मंग आलो परत.”

“हे तू सांगतलं नाई मले,” सोमाजी म्हणाला.

“काय सांगू, भाऊ? का डफडं नाई वाजलं म्हनून जमीन नाई भेटली?”

सोमाजी उठून उभा राहिला. “मंग नका घेऊ जमीन. आजवर जगलोच ना? तुमाले त्या आवाजात काय हाये ते मालूम नाई. मी वाजवत चाललो का पोट्टे मांगून दगडं मारत. हात थांबला का शिव्या. आन् वरून म्हनत, सोम्या काय वाजवते! काय वाजवते सोम्या!” त्याचा उजवा हात मांडीवर आपटला आणि थांबला. “ते या मातीत पुन्हा वाजनार नाई.”

“मले नाई मालूम,” केसरबाई म्हणाली. “खरं हाये तुमचं. मी छप्पनच्या नंतरची. मी त्याच्यावर कोनाची मयत पाह्यली नाई. मी एवढंच पाह्यलं का ते वाजते तिथी जमीन भेटते, आन् नाई वाजत तिथी भेटत नाई.”

“रपटा ओलांडला त या विहाराची पायरी चढू नको. वस्तीतलं कोनी तुह्या दारात येनार नाई.”

“माह्या दारात आजबी कोन येते, मामाजी?”

इसरूनं खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. केसरबाई घरी गेली.

मंगळवारी सकाळी धुकं उतरायच्या आत तिनं चावडीतलं डफडं काढलं. चावडीतून डावीकडे वळलं की बापूरावांचं घर, उजवीकडे नाला. ती उजवीकडे वळली. बापूरावांच्या फाटकापुढे झाडत असलेला नथ्थू ओरडला, “केसरबाई, इकडं! अवं, वाट चुकली का?”

“नाई चुकली,” ती म्हणाली आणि रपट्यावर चढली.

रपट्याच्या मधोमध पाण्यात पाय सोडून दोन बायका भांडी घासत होत्या. त्यांनी भांडी उचलून घेतली आणि तिच्याकडे न बघता बाजूला झाल्या. केसरबाई पलीकडे उतरली. विहारासमोर निळ्या झेंड्याखाली मोकळी जागा होती. तिथे ती थांबली आणि काडी डफड्यावर मारली.

दवानं कातडं भिजलं होतं. पुन्हा तोच आवाज, थप, थप. पण सकाळ शांत होती आणि तो आवाज तीस वर्षांत इतक्या जवळून इथे कोणी ऐकला नव्हता. दारं उघडली. पोरं धावत आली. शकुबाई हातात खराटा घेऊन बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. कोणी म्हातारी आतून म्हणाली, “कोन मेलं वं?”

“कोनी नाई मेलं,” केसरबाईनं तिकडे तोंड करून सांगितलं. मग तिनं आवाज चढवला.

“आयका हो आयकाऽऽ! येत्या गुरवारी सकाळी, चावडीत, तलावाच्या गाळपेराची जमीन लावून देनार हायेत! ज्याले शेती नाई त्यानं हजर राहावं! मागासवर्गीयायले आधी! मांगून कोनी म्हनान का सांगतलं नाई, त चालनार नाई होऽऽ!”

सोमाजी आपल्या दारात आला होता. अंगावर नुसती बंडी होती. तो पुढे आला नाही, आत गेला नाही. केसरबाईनं त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा काडी मारली आणि तोच पुकारा पहिल्या शब्दापासून पुन्हा दिला. मग विहिरीपाशी दिला. मग वस्तीच्या शेवटच्या घरापाशी दिला, जिथून पुढे फक्त जंगलखात्याची हद्द होती.

परत येऊन ती रपट्यावरून गावात शिरली तेव्हा बातमी तिच्याआधी पोचली होती. कोहळ्यांच्या मोहल्ल्यात बायनाबाई पायरीवर बसून वाट बघत होती.

“काय वं, आज उलटी डोंडी?”

“सुलटीच हाये, बायनाबाई. तुमीच उलट्या बसल्या.”

मोहल्ल्यात पुकारा झाला, पारावर झाला. शेवटी ती बापूरावांच्या अंगणात उभी राहिली. बापूराव ओसरीवर होते. सुपारी नव्हती, हात गुडघ्यांवर होते. केसरबाईनं एकही शब्द न बदलता तोच पुकारा दिला. मागासवर्गीयायले आधी, हेसुद्धा त्याच आवाजात.

“झालं?” बापूराव म्हणाले.

“झालं.”

“जे केलं ते बरं नाई केलं, केसर. नोकरीवर येते हे.”

“डोंडी देनं हेच नोकरी हाये, पाटील.”

तिनं डफडं चावडीत टांगलं. दुपारी श्रीहरी तलाठ्याला सांगितलं, डोंडी झाली. त्यानं लिहून घेतलं.

गुरुवारपर्यंत वस्तीत तिच्याशी कोणी बोललं नाही. शकुबाईनं विहिरीवर आपली घागर सरकवून घेतली. माणसं येणार की नाहीत हे तिला कळायला मार्ग नव्हता. आली नसती तर ती डोंडी झाली काय आणि न झाली काय, सारखंच होतं.

गुरुवारी ती चावडीच्या दाराशी, खुंटीखाली, कोतवालाच्या जागी बसली. श्रीहरीनं टेबल लावलं. बापूराव खुर्चीवर बसले. भिंतीशी नथ्थू आणि दोन सालदार. बराच वेळ आणखी कोणी आलं नाही. बापूरावांनी श्रीहरीला त्याच्या गावची हालहवाल विचारली.

मग रपट्याकडून माणसं येताना दिसली. पुढे लटारू, मागे इसरू, मग शकुबाई, मग एकेका घरातले लोक, धुतलेल्या कपड्यांत, लग्नाला निघाल्यासारखे ओळीनं. सगळ्यांच्या मागे सोमाजी. तो आत आला नाही. वळचणीखाली उभा राहिला. त्याला स्वतःची दीड एकर शेती होती. मागायला तो आला नव्हता.

बापूरावांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि शांतपणे म्हणाले, “साहेब, हे वाटप आज होत नाई.”

“का?”

“डोंडीच झाली नाई. इथी रीत हाये, पयला पुकारा पाटलाच्या दारात. तो शेवटी झाला. आन् वस्तीत झाली म्हनून ही सांगते ते होऊच शकत नाई. तिथी डफडं जात नाई. त्यायनंच मना केलं हाये, छप्पन सालापासून. गावात कोनालेबी इचारा. लोकं आले ते हिच्या सांग्यावरून आले. दुसरी तारीख द्या. नथ्थू रीतसर डोंडी देईन.”

श्रीहरीनं कागद पुढे ओढले. त्याला न्यायाची नव्हे, अहवालाची काळजी होती. “बाई, तुम्ही मला डोंडी झाली असं सांगितलंय. खोटं असेल तर मला वर कळवावं लागेल. जागा जाईल तुमची.”

“वाजलं, साहेब. विहारासमोर वाजलं.”

“ही तर म्हननारच,” बापूराव म्हणाले. “ज्यानं मना केलं त्यालेच इचारा न. तो उभा हाये. सोमाजी! ये गा, आत ये.”

बापूरावांचा हिशेब साधा होता आणि चुकीचा नव्हता. डफडं वाजलं असं सोमाजीनं म्हणणं म्हणजे आपला शब्द आपल्याच दारात मोडला गेला असं गावापुढे म्हणणं. सोमाजी ते म्हणणार नाही, हे त्याला तीस वर्षं ओळखणाऱ्या कोणीही सांगितलं असतं.

सोमाजी उंबऱ्याशी आला. केसरबाईकडे त्यानं पाहिलं नाही. भिंतीवरच्या खुंटीकडे पाहिलं.

“मंगळवारी तुमच्या वस्तीत डफडं वाजलं का?” श्रीहरीनं विचारलं.

सोमाजीनं डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं, झटकलं, पुन्हा बांधलं.

“वाजलं,” तो म्हणाला.

“सोमाजी,” बापूराव म्हणाले, “तुहाच शब्द होता का...”

“माहाच होता. तो मोडला. हिनं मोडला. मोडला ते मोडला म्हनाचं का नाई?” मग तो तलाठ्याकडे वळला. “लिवा, साहेब. इहिरीपाशी बी वाजलं. जंगलाकडच्या घरापाशी बी. ढिलं वाजलं. शेकलं नव्हतं. ताल नव्हता, काडी बी चुकीची धरली होती. पन वाजलं. मी सारं आयकलं.”

लटारूला हसू आवरलं नाही. मग इसरू हसला, मग शकुबाई पदर तोंडाला लावून. नथ्थूसुद्धा हसला आणि बापूरावांकडे बघून थांबला.

श्रीहरीनं लिहिलं. मग नावं विचारायला सुरुवात केली. लटारूचं नाव लागलं, इसरूचं लागलं. शकुबाई विधवा आणि भूमिहीन, तिचंही लागलं. वस्तीतली नावं संपल्यावर श्रीहरीनं जुने कागद चाळून विचारलं, “नथ्थू कोण? मागच्या वर्षी तलावाच्या उत्तर काठाचा तुकडा यांच्या नावे होता. या वर्षी हवा आहे?”

नथ्थूनं मान वर केली. “माह्या नावानं?”

“हो.”

“कुठी होता तो?” नथ्थू म्हणाला. “मले बी दाखवा, साहेब. देता त घेतो न. पन या खेपेले मले सांगून द्या.”

बापूराव उठून बाहेर गेले. त्यांची खुर्ची वाटप संपेपर्यंत तशीच रिकामी होती.

केसरबाईला जमीन मिळाली नाही. नोकरीत असल्यामुळे ती मागू शकत नव्हती. माणसं गेल्यावर तिनं चावडी झाडली, टेबल भिंतीला लावलं आणि खुंटीवरचं डफडं काढलं. या वेळी ती ते घेऊन घरी निघाली.

रपट्यावर सोमाजी चालला होता. ती मागून आली तसा तो थांबला.

“मामाजी.”

“बोलू नको माह्याशी. खोटं नाई बोललो एवढंच. विहाराची पायरी चढू नको म्हटलं ते म्हटलं.”

“नाई चढत.”

“आन् ते चावडीत ठेव.”

“ते आता घरी राहीन,” केसरबाई म्हणाली.

सोमाजी पुढे निघून गेला.

फेब्रुवारीत पुढचा आदेश आला, डोळ्यांच्या शिबिराचा. सकाळी केसरबाईनं आपल्या दारापुढे, भर रस्त्यावर, धानाच्या तणसाची एक पेंडी पेटवली आणि डफडं दोन्ही हातांनी जाळावर फिरवायला लागली. धूर शकुबाईच्या दारात गेला. शकुबाई कुरकुरली, पण दार लावलं नाही. कातडं आधी सुटल्यासारखं झालं, मग ताठ व्हायला लागलं. केसरबाई अंगठ्यानं दाबून बघत होती.

नथ्थू रपट्यावरून येताना दिसला. तो लांबच थांबला.

“केसरबाई, पाटलानं सांगतलं. या खेपेले तरी पयला पुकारा त्यायच्या दारात दे म्हने.”

तिनं डफडं जाळावरून उचललं, गळ्यात घातलं आणि काडी मारली. आवाज खणकन निघाला, नाल्यावरून गेला, मारुतीच्या पारावर कोणीतरी बोलणं थांबवून इकडे वळून पाहिलं.

“सांग त्यायले,” केसरबाई म्हणाली, “इथूनच आयकू येते.”

आणि तिनं दुसरी काडी मारली.